नळदुर्गाचं प्रस्थान

अण्णा, आमच्या घरात या आठवड्यात नळदुर्गाला जायचा बेत चालला आहे आणि मला तुमचा भयंकर राग आला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं म्हणजे बंद दुकानापुढे उभं राहून घासाघीस करण्यासारखं आहे, हे मला कळतं. तरी आला आहे, आणि तो गिळून टाकायचं माझं वय राहिलेलं नाही. दसरा झाला, मुलाला कचेरीत जोडून सुट्या आल्या, सून मुळातच उत्साही. पहिल्या दिवशी नळदुर्ग, येताना अक्कलकोटला स्वामींचं दर्शन, दुसऱ्या दिवशी परांड्याचा किल्ला, वाटेत कुठंतरी झाडाखाली बसून जेवण, असं दोघांनी चहा पिता पिता ठरवूनही टाकलं. सात रस्ता चौकातल्या एका ओळखीच्या माणसाची गाडी सांगितली. कप विसळून होईपर्यंत बेत पुरा झाला होता आणि मी तिथंच बसून बघत राहिले. कुणी पंचांग काढलं नाही, कुणी कुणावर ओरडलं नाही, कुणी रुसलं नाही. बेत असाही करता येतो, हे मला या वयात कळलं.

आपल्या घरचा बेत म्हणजे केवढं प्रकरण असायचं! नवरात्र बसलं की तुमच्या अंगात प्रवास संचारायचा. माळावर तरवड पिवळा झालेला, पाऊस मागे सरलेला, आभाळ धुऊन काढलेलं. तुम्ही शाळेतून आलात की टोपी खुंटीला अडकवून थेट सोप्यात मांडी घालायचा आणि रंगीत खडूंनी फरशीवर नकाशा काढायला घ्यायचा. निळ्या खडूची बोरी नदी, तांबड्या खडूची तटबंदी, पिवळी हैदराबादची सडक. आई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबायची, कारण परसात जायची वाट सोप्यातूनच होती आणि नकाशावर पाय पडलेला तुम्हाला खपायचा नाही. तुम्ही सांगायचा, इथे मोठा दरवाजा, इथे उपळी बुरूज, आणि इथे, पोरांनो, नदी अडवून बांधलेली भिंत, भिंतीच्या पोटात महाल. बाहेर दोन धबधबे कोसळताहेत, एक नर आणि एक मादी, आणि आत खिडकीत माणूस कोरडाठाक बसलेला. तुमचा आवाज खाली यायचा, डोळे चमकायचे. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी तुम्ही मला जगातले सगळ्यांत शहाणे आणि सगळ्यांत आवडते गृहस्थ वाटायचा. तुम्ही उभ्या जन्मात एकही किल्ला आतून पाहिलेला नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्या गावातला, तळ्याकाठचा भुईकोटसुद्धा तुम्ही शाळेच्या मुलांना बाहेरच्या बाहेर दाखवून परत आणायचा.

त्या आवाजाचं दुसरं टोक आईच्या वाट्याला होतं. भात मऊ झाला की तुम्ही ओरडायचा. धोतराची घडी चुकली, ओरडायचा. पाहुण्यांपुढे तिच्या तोंडून काही निघालं की पाहुणे जाईपर्यंत गप्प राहायचा आणि मग ओरडायचा. साधं बोलणं नव्हे, दिवाणखान्यातून परसापर्यंत पोचणारं ओरडणं. आई अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, निम्मं कानडी निम्मं मराठी कानावर घेत वाढलेली. तिचं ‘हाय’ आणि ‘न्हाय’ तुम्हाला खड्यासारखं लागायचं. मास्तराची बायको असं बोलते म्हणून तुमची मान खाली जाते, असं तुम्ही तिला माझ्यादेखत सांगितलंत. ती म्हणाली, “बरं की.” त्या ‘की’वरूनही तुम्ही ओरडलात. हळूहळू ती तुमच्यासमोर बोलायचीच थांबली. मान हलवायची, भांडी वाजवायची. तिचं सगळं बोलणं साठून राहायचं आणि दुपारी शेजारच्या अक्कांकडे जाऊन सांडायचं. अक्का म्हणजे आपल्या पूर्वेच्या भिंतीला लागून राहणारी तेलुगू विणकर बाई. त्यांच्या मागावर नवरा लुगडी विणायचा, त्या कांड्या भरायच्या, आणि आई पाय पसरून तिथं बसायची.

अक्कांचं घर पूर्वेला होतं म्हणून आपलं प्रस्थानही त्यांच्याकडेच ठेवलं जायचं. माझ्या सुनेला प्रस्थान म्हणजे काय हे ठाऊक नाही. काल मी सांगितलं तर ती हसली. जायचा मुहूर्त आज आहे आणि निघणं आज जमत नाही, अशा वेळी सुपारी, हळदीचे तांदूळ आणि जाणाऱ्या माणसाच्या अंगावरचं एक वस्त्र फडक्यात बांधून ते जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस घरातून निघाला, असं धरायचं. मग मुदतीच्या आत सवडीने जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. ते घरी परत आणायचं मात्र नाही. परत आणलं तर वाटेतून माघारी फिरल्यासारखं होतं. तुम्ही सभेत उभे राहून शकुन-अपशकुनांची टिंगल करायचा, टाळ्या घ्यायचा, आणि घरी आल्यावर पंचांग उघडून नळदुर्गाच्या प्रस्थानाचा मुहूर्त काढायचा. दर वर्षी तुमचं उपरणं घातलेलं गाठोडं अक्कांच्या फळीवर जाऊन बसायचं. दर वर्षी मुदत संपत आली की तुम्हाला काही ना काही आडवं यायचं. कधी निजामाच्या मोगलाईत पटकीची साथ आहे असं कुणीतरी सांगितलेलं असायचं, कधी सडक वाहून गेलेली असायची, कधी तुमची कंबर धरलेली असायची. काहीच नसेल तर तुम्ही ओरडायला एखादं कारण शोधायचा, आणि ओरडून झालं की, “गेला उडत तुमचा किल्ला,” म्हणून कूस बदलून झोपायचा. जणू काही बेत आमचाच होता. मग आई खाली मान घालून अक्कांकडून गाठोडं घेऊन यायची. अक्का दारातून म्हणायच्या, “एमम्मा, याही वर्षी नाही?” आणि आई उपरणं धुवायला टाकायची.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे त्या वर्षी मी मराठी चौथीत होते आणि धाकटा भाऊ अजून कडेवरचा होता. मुहूर्त शाळेच्या वेळेत आला. तुम्ही उपरणं खांद्यावर टाकून निघालातसुद्धा, आणि उंबऱ्यातून मागे वळून आईला म्हणालात, “तेवढं प्रस्थान तूच ठेवून ये, मला वेळ नाही.” ही एक चूक तुमच्याकडून झाली, अण्णा. तुमची उपरणी दोनच. एक तुमच्या खांद्यावर आणि दुसरं दोरीवर ओलं. आईने दोरीकडे पाहिलं, मग पेटीतून आपलं धुवट, इरकली काठाचं लुगडं काढलं, त्यात तांदूळ-सुपारी ठेवली आणि गाठ मारली. मी म्हटलं, “आई, हे तर तुझं आहे.” ती म्हणाली, “असूं दे की. जानार तर समदीच हावो.” मी तिच्याबरोबर अक्कांकडे गेले. फळीवर गाठोडं ठेवताना ती जरा जास्तच वेळ तिथं उभी राहिली.

निघायच्या दिवशी पहाटे घर शेंगांच्या चटणीच्या वासाने भरलेलं. आईने दुधात भिजवलेल्या दशम्या केलेल्या, धपाटी वेगळी बांधलेली, दही वेगळं. हैदराबादच्या सडकेने जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत तुम्हीच जागा सांगून ठेवल्या होत्या; ड्रायव्हर तुमचाच जुना विद्यार्थी. मी नवं परकर-पोलकं घालून ओसरीवर बसले होते आणि तुम्ही टोपी घालून चहाची वाट बघत होता. मी तुमच्याकडे बघत होते म्हणून सांगते, तुमचा चेहरा उतरलेला होता. आई शिदोरी बांधता बांधता चहा घेऊन आली आणि तो गार झालेला होता. बस्स, तुम्हाला तेवढं पुरलं. कप अंगणात गेला. “एक कप चहा धड देता येत नाही आणि निघाल्या किल्ले बघायला! रद्द! कुणी कुठं जायचं नाही.” टोपी काढून तुम्ही खुंटीला लावली. ती लावताना तुम्हाला जे हायसं वाटलं, ते मी पाहिलं. तुम्हाला राग आलेला नव्हताच, अण्णा. तुम्हाला भीती वाटत होती. फरशीवर खडूने काढलेला किल्ला तुमचा होता, तिथं तुम्ही राजे होता. खरा बघितला असता तर कदाचित तो लहान निघाला असता, किंवा तुम्हीच. म्हणून दर वर्षी तुम्ही तिच्या हातून काहीतरी चुकायची वाट बघायचा आणि चुकलं की सुटायचा. एवढं मला तेव्हा शब्दांत मांडता आलं नसतं, पण पोटात कळलं होतं.

तेवढ्यात ड्रायव्हर आळीच्या तोंडाशी गाडी लावून बोलवायला आला. “चला गुरुजी, मोटार हुबी हाय. लोकं खोळंबल्यात.” तुम्ही सोप्यातून म्हणालात की बेत रद्द झाला आहे. तो खालमानेने वळला. आणि आई, जी तुमच्यासमोर मान हलवण्यापलीकडे काही करायची नाही, ती म्हणाली, “थांब बाळा, येतोय आमी.” मला वाटलं मीच काही चुकीचं ऐकलं. तिने धाकट्याला कडेवर घेतलं, शिदोरी माझ्या हातात दिली, डोक्यावरून पदर नीट केला. तुम्ही विचारलंत, “कुठं निघालीस?” ती उंबऱ्याच्या बाहेर होती. “प्रस्थान म्या ठिवलंय. लुगडं माझं हाय त्यात. माघारी कसं आणायचं? आणायचं नसतंय.” तुम्ही ओरडलात. तुमचा तो सगळ्यांत मोठा आवाज होता. अक्कांच्या घरातला माग थांबला. आईने मागे वळून पाहिलं नाही, कारण निघाल्यावर मागे वळून बघायचं नसतं. अक्का दारातच गाठोडं घेऊन उभ्या होत्या. आईच्या हातात गाठोडं देताना त्यांनी तिच्या पाठीवर असं थोपटलं की मला अजून तो आवाज आठवतो.

गाडीत आई खिडकीशी बसली. गावाबाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंना काळी रानं आणि त्यांत गुडघ्याएवढी ज्वारी, मधूनच तुरीची पिवळी फुलं, बांधावर बाभळी. आईने हे सगळं जन्मभर पाहिलेलं होतं, ती रानातच वाढलेली. पण ती अशी बघत होती जशी पाहुणी आलेली आहे. तोवर ती माहेरी गेली होती, बाळंतपणाला गेली होती, कुणाच्या मयतीला गेली होती, देवाला गेली होती. नुसतं बघायला म्हणून ती घरातून पहिल्यांदा निघाली होती. निजामाची हद्द लागली तिथं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाडी थांबवून सामान तपासायला सुरुवात झाली. दाढीवाला शिपाई आईच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बोट करून म्हणाला, “बाई, क्या है पोटली में? खोलो.” आई म्हणाली, “नक्को भय्या, ये नहीं खोलते. मेरा प्रस्थान है.” त्याला काही कळलं नाही. ड्रायव्हरने मध्ये पडून समजावलं. शिपाई हसला. “किल्ला देखने कू जा रहे? काय कू? पत्थर है, पानी है, और क्या है उधर?” आई म्हणाली, “हौ, वहीच देखना है.” सगळी गाडी हसली आणि आईसुद्धा हसली. मोठ्याने, दात दिसतील असं. मी तिला तसं हसताना घरात कधी पाहिलं नव्हतं.

किल्ला तुमच्या नकाशासारखा मुळीच नव्हता. केवढा तरी मोठा, केवढा तरी मोडका, वास वटवाघळांचा आणि ओल्या दगडाचा. धाकटा तोफेवर बसून रडला. आम्ही बुरुजाच्या पायऱ्यांवर दशम्या खाल्ल्या. मग एका माणसाने आम्हाला त्या भिंतीच्या पोटात नेलं, अंधाऱ्या पायऱ्या उतरत, आणि एकदम समोर ती खिडकी आली. त्या वर्षी पाऊस चांगला झालेला, नदी भिंतीवरून भरभरून वाहत होती. आई खिडकीशी जाऊन उभी राहिली. तुषारांनी तिचं कपाळ ओलं झालं, कुंकू पसरलं, तरी ती हलली नाही. मी कंटाळून तिचा पदर ओढला तेव्हा ती खाली वाकून माझ्या कानाशी काहीतरी बोलली. बरंच बोलली. तिचे ओठ हलताना मला दिसले, पण पाण्याचा गडगडाट एवढा होता की एक अक्षर ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली. तिला वाटलं मला कळलं. ती परत पाण्याकडे वळली आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही तिथंच होतो.

दिवेलागणीला घरी आलो. तुम्ही सोप्यात वर्तमानपत्र धरून बसलेले. आईने येताना तांब्यात बोरीचं पाणी भरून आणलं होतं, प्रवासात एक थेंब सांडू दिला नव्हता. तो तांब्या तिने तुमच्याजवळ ठेवला. “प्या की. किल्ल्याचं पानी हाय.” अण्णा, त्या क्षणी तुम्ही ओरडला असता तरी चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तुम्ही उठलात, तांब्या उचललात, अंगणात जाऊन ते पाणी तुळशीला घातलंत आणि रिकामा तांब्या मोरीत ठेवून परत वर्तमानपत्र उघडलंत. कसा होता किल्ला, एवढे तीन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दिवाळीत नाही. जेवताना ती तुमच्या पानात वाढायची आणि क्षणभर थांबायची. मी पाहिलं आहे ते थांबणं. ज्या माणसाने सात-आठ वर्षं तिला त्या पाण्याची गोष्ट सांगितली, त्याला ती ते पाणी बघून आल्याचं सांगणार होती. तुम्ही आमटी मागायचा.

मग तिने जे सांगायचं ते अक्कांना सांगितलं. सुटीतल्या दुपारी ती मागाजवळ बसून बोलायची, रोज थोडं थोडं. आम्ही पोरं बाहेर खेळत असायचो. तुम्ही पूर्वेच्या खोलीत, अक्कांच्या आणि आपल्या मधल्या भिंतीला टेकून पडलेले असायचा. मी पाणी प्यायला आत आले की दिसायचं, तुमच्या हातातलं वर्तमानपत्र कितीतरी वेळ उलटलेलंच नसायचं. मला वाटायचं तुम्हाला डुलकी लागली आहे.

थंडी संपता संपता वाचनालयाच्या सभागृहात तुमचं व्याख्यान झालं, आपल्या भागातल्या किल्ल्यांवर. आम्ही सगळे गेलो. पुढे पुरुष, मागे बायका, आणि बायकांतही आई शेवटच्या रांगेत, शेजारी अक्का आणि मी. तुम्ही सुरुवात झकास केलीत. मग म्हणालात, “गेल्या आश्विनात मी सहकुटुंब नळदुर्गास गेलो होतो.” मी आईकडे पाहिलं. आईने पदर ओढून घेतला, एवढंच. तुम्ही पुढे चाललात. नाक्यावरचा शिपाई आला, त्याच्या पोटलीच्या प्रश्नाला तुम्हीच उत्तर दिलंत, लोक हसले. वटवाघळांचा वास आला. अंधाऱ्या पायऱ्या आल्या. खिडकी आली. मग तुम्ही हात वर केलात, आवाज खाली आणलात, अगदी खडूच्या नकाशावर आणायचा तसा, आणि म्हणालात, “तिथे उभे राहून माझ्या मनात आले, हे पाणी एवढ्या मोठ्याने ओरडते आहे, पण कुणावर ओरडत नाही.” सभागृहात टाळ्या, टाळ्या, टाळ्या. त्या टाळ्यांत अक्का उठून उभ्या राहिल्या. “एमम्मा, हे तर तू बोललेलं! माझ्या घरात, मागापाशी! हे तुझं!” पुढच्या बायकांनी मागे वळून त्यांना शू शू केलं. आईने त्यांचा हात धरून खाली बसवलं.

तुम्हाला त्या वाक्याचा अर्थ कळला होता का हो? मी हे आयुष्यभर स्वतःला विचारत आले आहे. ते वाक्य तुमच्याबद्दल होतं. घरात जो आवाज चढायचा तो तिच्यावरच चढलेला असायचा, त्या आवाजाला भ्यालेल्या बाईने प्रथमच एवढा मोठा आवाज ऐकला की ज्याच्यापुढे तिला अंग चोरावं लागलं नाही. तिची ती एकुलती एक खिडकी होती. तुम्ही तिचं ‘वरडतंय’ पुसून तिथं ‘ओरडते आहे’ घातलंत, तिला त्यातून काढलंत, स्वतःला उभं केलंत आणि हार घालून घेतलात. व्याख्यान संपल्यावर एका वकिलांच्या पत्नीने आईला कौतुकाने विचारलं, “तुम्हीही होतात का बरोबर?” आई म्हणाली, “व्हते की. मागं व्हते.” आणि घरी येऊन तिने तुमचा हार देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला लावला, कारण तो कुठं ठेवायचा हे तुम्ही विचारलं होतं.

पुढे ते व्याख्यान तुम्ही गावोगाव दिलंत. मोहोळला, बार्शीला, पंढरपूरच्या शाळेत. दर वेळी पाण्यावर तुमचा आवाज खाली यायचा. तुमच्या शोकसभेत वक्त्यांनी तुम्हाला दुर्गप्रेमी म्हटलं आणि ते वाक्य म्हणून दाखवलं, तेव्हा मी उठून बाहेर गेले. लोकांना वाटलं मुलीला रडू आवरलं नाही. तुमच्या मागे आई बरीच वर्षं होती. माझ्याकडेच होती. घरात कुणी ओरडायला उरलं नव्हतं, एका माझ्याशिवाय. तुमचा आवाज माझ्याकडे आला आहे, सुनेला विचारा. एकदा शेंगा फोडत बसलो असताना मी तिला म्हटलं, “आई, त्या खिडकीत तू माझ्या कानात काय बोलली होतीस? मला ऐकूच आलं नव्हतं.” तिने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “सांगितलंय की त्येनी समदं. मी आनि निराळं काय सांगू?” मी म्हटलं, त्यांचं नको, तुझं सांग. ती म्हणाली, “आता त्येंचंच हाय ते.” चिडून मी तिच्यावर ओरडले, आणि ती गप्प बसली, जशी तुमच्यापुढे बसायची.

हे सगळं तुम्हाला लिहून काही उपयोग नाही. पत्ता नाही, टपाल नाही, आणि असतं तरी तुम्ही माझं शुद्धलेखन तपासून परत पाठवलं असतंत. तरी आज सकाळपासून मी लिहिते आहे, कारण काल संध्याकाळी एक गोष्ट घडली आणि ती मला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. सून डबे पुसत होती. म्हणाली, “आई, तुम्ही लहानपणी पाहिलाय ना नळदुर्ग? ते पाणी खरंच एवढं बघण्यासारखं आहे का?” मी सांगायला तोंड उघडलं. मला वाटलं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी निघेल. पण मला ते पाणी आठवेना. तुम्ही आठवलात, व्यासपीठावर, हात वर केलेले. माझा आवाज आपोआप खाली आला. मी म्हटलं, “ते पाणी एवढ्या मोठ्याने ओरडतं, पण कुणावर ओरडत नाही.” पोरगी हातातला डबा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. “किती सुंदर! कुणाचं हो हे?”

मी म्हणाले, “आमच्या अण्णांचं.”